तात्यांच्या दहाव्याला
वडील गेले. दहाव्याला पळसदेवच्या पाण्याकाठी, मासळीच्या वासात, पिंडाला कावळा शिवेना. बारामतीत शेअरचं ऑफिस थाटलेला माझा चुलतभाऊ कानाशी लागला. त्याच्याच शब्दावर वडिलांनी घेतलेले शेअर निम्म्यावर आले होते. "तात्यांचा जीव त्यात अडकलाय. तोट्यात का हुईना, इकते म्हण, म्हंजी इषय मिटंल." मी हात जोडून सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तात्या, विकणार नाही. दर वर्षी तुमच्या श्राद्धाला याला पहिल्या पंगतीला बसवून भाव विचारीन." कावळा झेपावून शिवला. मागून एक म्हातारा म्हणाला, "तात्यास्नी पटलं बगा!" शेअर अजून माझ्याकडे आहेत. श्राद्धाला मी चुलतभावाचं पान मांडते. ते रिकामं राहतं आणि सगळे ते बघतात.