दोन तांब्यांचा नेम

सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलं ते एवढंच : म्हाताऱ्यांना पाणी पाजा. रोज सात-आठ तांबे, तहान असो नसो. मूतखडा लहान आहे, वाहून जाईल. महिन्याभरात नाही गेला तर मिरजेला नेऊन पोट उघडावं लागेल. एवढं बोलून तो पुढच्या रोग्याकडं वळला. बैलगाडी कृष्णेचा काठ धरून गावाकडं निघाली आणि गुणमाला मनातल्या मनात त्या डॉक्टरशी भांडू लागली. पाणी प्या म्हणणाऱ्यानं कधी पाणी शेंदलेलं नसतं.

तिच्या घरात पाणी पिणं साधं नव्हतं. परसातली विहीर उन्हाळ्यात सहा पुरुष खोल जाई. घागर ओढायची, दुहेरी खादीच्या गाळण्यातून पाणी हळू गाळायचं, मग गाळणं उलटं करून त्यावर गाळलेलंच पाणी सोडायचं, आणि कापडावर अडकलेले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या पाण्यासकट त्याच विहिरीत परत पोचवायचे. वरून भसकन ओतायचे नाहीत. लहान भांडं दोरानं थेट पाण्याला टेकवून अलगद कलतं करायचं. ह्याला जिवाणी सोडणं म्हणतात. गाळलेलं पाणी दोन घटका चालतं, मग पुन्हा गाळा. जैनाघरच्या सुनेचा अर्धा जन्म ह्यात जातो, आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार एवढीच होती की एवढं करून गाळलेलं पाणी ज्याच्यासाठी गाळलं तो पीत नव्हता.

तिचे सासरे अण्णाप्पा सहासष्ट वर्षांचे होते. हळदीच्या रानात उभं आयुष्य गेलेलं, अंग वाळल्या बाभळीसारखं. माणसं काहीबाही जमवत म्हातारी होतात. अण्णाप्पा सोडत सोडत म्हातारे झाले. दहाव्या वर्षी रात्रीचं जेवण सोडलं. लग्नात कांदा-लसूण सोडला. बायको गेली तेव्हा गादी सोडली. चहा गावात आला त्याच वर्षी, एकदाही न पिता, सोडला. सोडणं हा त्यांचा एकुलता एक शौक होता. त्यासाठी ते कुणाशी पैज लावत नसत, पण हरतही नसत.

गेल्या पावसाळ्यात एक मुनिमहाराज चातुर्मासाला गावात राहिले होते. बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, शेवटच्या दिवशी एकेक माणूस उठून काही ना काही सोडत होता. कुणी बटाटा सोडला, कुणी तंबाखू. शेजारचे नेमगोंडा उठले आणि वर्षभर गूळ सोडतो म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. नेमगोंडा खाली बसतात न बसतात तोच अण्णाप्पा उभे राहिले. ‘दिवसाला दोन तांबे पाणी. त्याच्या वर थेंब न्हाई. जल्मभर.’ बस्ती गप्प झाली. त्या गप्प होण्यावर अण्णाप्पा तेव्हापासून जगत होते, असं गुणमालाला वाटे.

महाराज आता पायी चालत कर्नाटकात कुठंतरी गेले होते. नेम सैल करून घ्यायला त्यांना कुठं गाठायचं? आणि अण्णाप्पा कशाला सैल करून घेताहेत?

‘डॉक्टरनं सात-आठ तांबे सांगितल्यात, मामंजी.’

‘त्येला काय जातंय सांगाया?’

‘न्हाई प्यालासा तर पोट कापत्यात मिरजेला.’

‘कापून घेतंय कोण?’

‘मग काय करणार?’

‘मराण येतंय ते कवातरी येतंयच की.’

ती पदर खोचून उभी राहिली. ‘तहान लागंल तवा तरी प्या.’

‘लागत न्हाई म्हून तर सांगतोय. तहानेला प्यालं ती गरज, पोरी. तहान न्हाई आन् ढोसलं, ती हिंसा. पाण्यात जीव हायत. मी माझ्या खड्यापायी त्यास्नी का मारू?’

‘आन् खड्यानं तुमी गेलासा, तर ती कुणी केली हिंसा?’

अण्णाप्पा हसले. त्यांना प्रश्न आवडला होता. प्रश्न आवडणं आणि पाणी पिणं ह्यांचा मात्र काही संबंध नव्हता.

तहान म्हातारपणी घरातून निघून जाते. जुन्या गड्यासारखी जाते, मालकाला सांगत नाही. मालक आपला बसलेला, कामं होताहेत असं समजून. हे गुणमालाला दिसत होतं, पण बोलायचं कसं हे कळत नव्हतं, आणि ज्याच्याशी बोलायचं तो नवरा धनपाल हळदीच्या पोत्यांबरोबर आठवड्यातले चार दिवस सांगलीच्या पेठेत. दुसऱ्या महायुद्धाचा पाचवा उन्हाळा, भाव रोज बदलणारा. घरी आला की ‘तू बघ की जरा,’ एवढं म्हणून तो झोपायचा.

ती बघत होती. आधी तिनं ताक पातळ केलं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी अण्णाप्पांनी वाटी खाली ठेवली. ‘ह्यात ताक कुठं हाय? पाण्यानं म्हस बघितल्यावानी लागतंय.’ मग हुलग्याचं माडगं केलं, खड्यावर ते औषधच. तेही पातळ होत गेलं, आणि एका सकाळी अण्णाप्पांनी ते नेमातला अर्धा तांब्या म्हणून मोजलं. मग तिनं माहेराहून थोरला तांब्या आणला, जुन्याच्या दुप्पट पोटाचा. दोन तांबे म्हणजे दोन तांबे. केवढे, ते कुणी बोललं नव्हतं. अण्णाप्पांनी तो उचलला, हातात जोखला. जन्मभर हळद जोखलेला हात. तिच्याकडं बघितलं, निम्मा प्याले आणि ठेवून दिला. दिवस मावळेपर्यंत पुन्हा शिवले नाहीत.

तेव्हा तिला कळलं, आणि कळून जास्तच संताप आला : ते दोन तांबेसुद्धा पुरे पीत नव्हते. नेमाचं कुंपण घातलं होतं, पण जनावर कुंपणापर्यंत जातच नव्हतं.

बाराव्या दिवशी भर दुपारी कळ आली. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि अण्णाप्पा उकिडवे बसून ती निवडत होते. ते कमरेवर हात ठेवून हळदीतच आडवे झाले, गडबडा लोळले. तोंडातून आवाज नाही. गुणमाला धावली तेव्हा दाढीपासून पायांपर्यंत ते पिवळे झाले होते. डोळे तेवढे पांढरे. ओरडणंही ह्यांनी कधी सोडलं होतं कोण जाणे. तिनं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या तोंडाला लावला. त्यांनी दात मिटून घेतले. उन्हात बसून त्या दिवसाचे दोन, कधी नव्हे ते, पुरे झाले होते.

तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, ह्या माणसाच्या एक मुस्काटात द्यावी. मग ती त्यांचं कपाळ पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी कळ ओसरली होती. अण्णाप्पा दिवस मावळायच्या आत जेवायला बसले. जेवण झाल्यावर त्यांनी ताटात पाणी घेतलं, बोटानं ताट निपटून धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. पुन्हा थोडं घेतलं, पुन्हा प्याले. सांगलीच्या एका गुजराती अडत्याकडं जेवताना त्यांनी ही रीत बघितली होती आणि वीस वर्षं पाळली होती : ताटात कण राहू नये, त्याला मुंग्या लागू नयेत, धुतलेलं मोरीत जाऊ नये. गुणमाला हे रोज बघत होती. आज बघता बघता तिचा हात थांबला. नेम घेतानाच अण्णाप्पांनी महाराजांना विचारून घेतलं होतं की ताट धुऊन प्यायचं पाणी तांब्यांत धरायचं का. महाराज नको म्हणाले होते.

दुसऱ्या दिवसापासून अण्णाप्पांपुढं काठाचं मोठं ताट आलं, लग्नाकार्याला माळ्यावरून काढायचं ते. त्यात दह्यात कुस्करलेली भाकरी, दाण्याची तेलकट चटणी, घट्ट पिठलं. जे जे ताटाला चिकटतं ते. पहिल्या धुण्यात ताट अण्णाप्पांच्या मनासारखं स्वच्छ होत नसे. दुसरं, तिसरं, कधी चौथं. गुणमाला बाजूला बसून गाळलेलं पाणी ओतायची, हात जरा सैल ठेवून. एका जेवणाला दोन तांबे. दोन जेवणांना चार. शिवाय नेमाचे. तिचे खांदे विहिरीच्या दोरानं भरून आले, पण हिशोब जुळत आला होता.

पाच-सहा दिवसांनी नेमगोंडांची बायको पद्मावती विरजण मागायला आली ती नेमकी जेवणाच्या वेळी. दारात उभी राहून तिनं सगळं बघितलं.

‘काय गं गुणमाला, सासऱ्याला धुवण पाजतीस व्हय?’

‘ते आपलंआपण पित्यात, आक्का.’

‘म्हशीला घालताना बी आमी आंबोण मिसळतो बाई त्यात,’ असं म्हणून पद्मावती विरजण घेऊन गेली.

गावात बोलणं पसरायला दोन दिवस लागले, सांगलीला पोचायला चार. धनपाल आला तो तोंड पाडून. ‘पेठेत लोक इचारत्यात, तुझा बाप म्हशीचं धुवण पितो का म्हून. काय चाललंय तुझं?’

‘तुमी बघ म्हणलासा, मी बघतीया.’

‘असं बघत्यात?’

‘मग तुमी दावा कसं बघत्यात. पाजा. बसा त्यांच्याम्होरं तांब्या घेऊन.’

धनपाल बसला नाही. त्यानं मोठं ताट उचललं, माळ्यावर टाकलं आणि बापापुढं नेहमीचं लहान ताट मांडलं. गुणमाला चुलीपाशी तोंड फिरवून बसली. डॉक्टरचा महिना सरायला सहा दिवस होते. तिच्यात आता भांडायचीही ताकद उरली नव्हती.

अण्णाप्पा आले, पाटावर बसले, ताटाकडं बघितलं.

‘ताट कुणी बदाललं?’

‘मी,’ धनपाल म्हणाला.

‘का?’

‘लोक बोलत्यात, आप्पा.’

‘लोकांनी काय सोडलंय?’

धनपालनं माळ्याकडं बघितलं.

‘थोरलं आण,’ अण्णाप्पा म्हणाले.

गुणमालानं त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं का, की नुसता हट्ट होता? त्या चेहऱ्यावर काही वाचता येत नसे. त्या दिवशी त्यांनी ताट चार वेळा धुतलं, आणि चौथ्या वेळी तरी त्यात धुण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या सकाळी खडा पडला. जोंधळ्याच्या दाण्याएवढा, काटेरी. अण्णाप्पांनी तो तळहातावर घेऊन धनपालला दाखवला, गड्याला दाखवला, बस्तीत नेऊन दाखवला. ‘डाक्टर आठ तांबे म्हणत हुता. दोनाच्या वर थेंब घेतला न्हाई. नेमानं पाडला खडा.’ त्याच दिवशी देवापुढं उभं राहून गावातल्या तिघांनी दोन तांब्यांचा नेम घेतला. त्यांतले एक नेमगोंडा. अण्णाप्पांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, रोज दुपारी तंबाखूच्या रानात राबणारे.

गुणमालाला हे विहिरीवर कळलं. तिनं हातातला दोर सोडून दिला आणि काठावर बसली. बस्तीत जावं आणि सगळ्यांना ओरडून सांगावं असं तिला वाटलं : अरे, ते रोज सहा तांबे पीत होते, मी ओढलेत ते, हे बघा खांदे. पण सांगितलं तर अण्णाप्पा ताट धुऊन पिणंही सोडतील. सोडायला त्यांना एवढंसं कारण पुरतं. आणि खडा एकदा झाला की पुन्हा होतो, हे तिनं गावात ऐकलं होतं.

संध्याकाळी पद्मावती आली. ह्या वेळी काही मागायला नव्हे.

‘आमच्या ह्यांनीबी घेतला नेम. ह्या उन्हाचं, दोन तांबे. मी म्हणलं नगा, तर म्हणत्यात अण्णाप्पा करतोय ते मी का न्हाई?’

‘ऐकत्यात व्हय ते कुणाचं?’

‘न्हाई की.’

गुणमालानं भरून आलेल्या खांद्यावरून हात फिरवला. ‘आक्का, काठाचं मोठं ताट हाय का तुमच्यात?’

‘कशाला? धुवण पाजायला?’

‘व्हय.’

पद्मावती तिच्याकडं बघत उभी राहिली. मग पदर सावरून उंबऱ्यावर टेकली. ‘कसं करतीस ते सांग तरी नीट,’ ती म्हणाली.