एक पाय गरम

दिवाळीची सुट्टी संपवून निघताना नेहमीप्रमाणे बाबांच्या पाया पडले आणि वाकलेलीच राहिले. डावा पाय गार होता, उजवा गरम. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसं वाटलं. बाबांनी डोक्यावर ठेवलेला हात उचलला आणि म्हणाले, "ऊठ गो, यष्टी जाईल."

एसटी गेली. मी त्यांना खाटेवर बसवलं आणि तळवा वर करून पाहिला. टाचेजवळ कालवाच्या शिंपल्याने चिरल्याची जखम होती. कडा फुगलेल्या, आत पू. खाडीच्या बांधावर अनवाणी फिरताना कधीतरी कापलं असणार. मधुमेहाने त्यांच्या तळव्यांची जाणीव कधीच गेलेली, त्यामुळे यांना पत्ताच नाही. "दुखत न्हाय म्हंजे काय न्हाय," हा त्यांचा न्याय. चपला घाला म्हणून सांगून माझी जीभ झिजली होती आणि त्या चपला दाराशी कोऱ्या करकरीत पडून होत्या. मी भरपूर बोलून घेतलं. मग त्यांना गाडीत घालून अलिबागला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी जखम साफ केली, औषधं सुरू केली आणि मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. जखम भरायला लागली तर पाय राहील. आत हाडापर्यंत गेली तर घोट्याच्या वरून काढावा लागेल. बाबांना आतून सगळं ऐकू गेलं होतं. मी परत गेले तेव्हा ते छताकडे बघत होते. "येका पायावं बांधावं कसा उभा र्‍हाऊ?" एवढंच म्हणाले.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. सुट्टी वाढवून घेतली आणि रोज ड्रेसिंगच्या वेळी त्यांच्या पायाशी बसू लागले. बघता बघता एक प्रश्न मनात आला. बाबांच्या पायाचे मज्जातंतू झोपलेले. मेंदूला काही कळलं नाही, बाबांना काही कळलं नाही. मग पाय गरम कोणी केला?

उत्तर मला पाठ होतं. कातडी, स्नायू, रक्तवाहिन्या यांच्या मधल्या जागेत काही पेशी राहतात. मी वर्गात त्यांना दोन वाक्यांत उरकत आले, कारण त्यांचं काम म्हणजे धागे विणणं, जागा भरणं. ना घेण्यात ना देण्यात. पण ऊती फाटली, जंतू शिरले, की ते ओळखणाऱ्यांत याही असतात. त्या रसायनं सोडतात, त्या वासावर रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून वाट काढून तिथे येतात. ती सूज, ती ऊब म्हणजे धावून आलेली मदत. फळ्यावर हे शंभरदा लिहिलं असेल. वडिलांच्या टाचेत ते घडताना पाहिलं आणि मी थक्क झाले. याला दुसरा शब्द नाही.

"आतमधी कामाला कोन हाय गो?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं, आपल्या बांधासारखंच आहे.

मी लहान असताना एकदा उधाणात खाडीचा बांध फुटला होता. "खांड गेली! खांड गेली!" अशी हाळी उठली आणि सगळं गाव घमेली-फावडी घेऊन धावलं. चिखल, दगड, पेंढा टाकून भगदाड बुजवलं. खारं पाणी शेतात शिरलं असतं तर वर्षाचं भात गेलं असतं. बांधावर काही पिकत नाही, म्हणून एरवी त्याच्याकडे कोणी बघत नाही. या मधल्या पेशी तशाच, मी म्हटलं. हाळीही त्याच देतात आणि नंतर बांधही त्याच घालतात.

"गाव करी ते राव न करी," बाबा खूश झाले. मग थांबून म्हणाले, "आनि मंग त्यांना घरी कोन धाडतं?"

तिथेच तर घोडं अडलं होतं. जमलेल्यांना परत पाठवण्याचा निरोपही बराचसा या मधल्या पेशींकडूनच जायचा असतो. मधुमेहात तो नीट जात नाही. मदतीला आलेली गर्दी हटत नाही, ओला चिखल तुडवत राहते आणि बांध धरत नाही. औषधांनी पू थांबला होता, साखर ताब्यात आली होती, पण सूज हलत नव्हती. डॉक्टरीणबाई रोज कडा दाबून बघायच्या आणि "उद्या बघू" म्हणायच्या. त्या 'उद्या'ची मला धास्ती बसली.

आमच्याकडे खांड बुजली की म्हातारी माणसं सगळ्यांना बांधावरून खाली हाकलत आणि नारळ फोडत. नारळ फुटला की चिखल सुकेपर्यंत बांधावर कोणी पाय ठेवायचा नाही. एका दुपारी मी चहा घेऊन आले तर बाबा पट्टीवर हात ठेवून हळू आवाजात बोलत होते, "लय केलंत बाबांनो. भरती उतरली. आता जावा घरी." मला हसू आलं आणि रडूही.

त्यांचं ऐकलं म्हणून असं मी म्हणणार नाही, नाहीतर माझी नोकरी जायची. पण त्यानंतरच्या आठवड्यात जखमेच्या तळाशी लाल बारीक दाणे दिसू लागले. नवं मांस धरत होतं. मग कडा दिसामाशी जवळ येऊ लागल्या. त्या मधल्याच पेशी आतून दोन्ही कडा धरून ओढत होत्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी गुलाबी कातडीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आजोबा, पाय तुमचाच." बाबांनी तिथल्या तिथे नारळ मागितला. मी त्यांना गप्प केलं. घरी आल्यावर मात्र अंगणात फोडू दिला.

मी निघाले त्या दिवशी ते चपला घालून दारात उभे होते. मी चपला काढायला लावल्या आणि वाकून दोन्ही पायांवर हात ठेवले. दोन्ही सारखेच गार. ज्यांना मी वर्षानुवर्षं दोन वाक्यांत उरकलं होतं, त्या सगळ्यांच्या पाया पडत होते. मला उठवेना.

"ऊठ गो, यष्टी जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं.