सोनूबाईचा सीन

सोनूबाई सुके बोंबील विकते, आणि भावात तिच्याशी हुज्जत घालून जिंकलेला माणूस डहाणूत मी तरी पाहिलेला नाही. तिचा नवरा गणू गुजरातच्या बोटीवर खलाशी होता. बोट हद्द ओलांडून गेली आणि तो पलीकडच्या देशाच्या तुरुंगात पडला. त्याला पाच वर्षं झाली. गेल्या दिवाळीपासून पत्रही नाही. कुठल्याही साहेबाला विचारलं की उत्तर एकच, वरून कळेल.

यंदा सिनेमावाले आले. दोन देशांचे राजदूत, बंद दारांआडची खलबतं, कैद्यांची अदलाबदल, असा मोठा मामला. आमच्या किनाऱ्यावरचा सीन असा: सुटलेले खलाशी बोटीतून उतरतात आणि एका बाईला सूटवाला अधिकारी सांगतो की तुझा नवरा आता नाही. त्या बाईचं काम सोनूबाईने घेतलं. गावाने तिला वेड्यात काढलं, शेजारी म्हणून मीही रागावलो. ती म्हणाली, असले सिनेमे दिल्लीचे लोक बघतात, माझं तोंड दिसलं तर ही कोण म्हणून विचारतील तरी. अट मात्र घातली, "रडेन, पण बांगड्या वाढवणार नाय." दिग्दर्शकाने ती चटकन मान्य केली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

शूटिंगच्या दिवशी बोट किनाऱ्याला लागली. सोनूबाई उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा बघत होती, आणि तो काही अभिनय नव्हता. सूटवाला नट पुढे आला. संवादात नाव ठरलं होतं रामजी. तो म्हणाला, "बाई, गणू आता परत येणार नाही."

खरं रडू यावं म्हणून दिग्दर्शकाने नाव बदललं होतं. मेल्याला लाज नाही. पण सोनूबाई रडली नाही. तिने त्या नटाची बाही धरली.

"साहेब, तुम्हाला कुणी कळवलं?"

पाच वर्षांत सुटातल्या माणसाच्या तोंडून तिने नवऱ्याचं नाव पहिल्यांदाच ऐकलं होतं. कॅमेरा चालूच होता. मला राहवलं नाही, मी जाऊन कॅमेऱ्याच्या आड उभा राहिलो. नट पांढरा पडला. हळूच म्हणाला, हा नुसता संवाद आहे, मला काही माहीत नाही.

वास्तू तथास्तु म्हणते, हे तिला पक्कं ठाऊक. "मग बोललेलं मागे घ्या," ती म्हणाली. "ह्याच तोंडाने, दर्याकडे बघून."

तो वळला. मोडक्या मराठीत सावकाश म्हणाला, "गणू परत येणार."

सोनूबाईने बाही सोडली नाही.

"कधी?" तिने विचारलं.