ठेकेदार बाई

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी एका लहानशा पोह्याच्या कारखान्यात आम्ही चौघी पोहे निवडून पाकिटं भरायचो. मालकांना सगळ्या भाऊ म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. पण कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं, की बायांना कामगार म्हणून ठेवलं तर पगारी सुट्ट्या, फंड अशा भानगडी वाढतात, कागदावर ठेकेदार दाखवा. एका सकाळी त्यांनी छापील कागदांवर आमच्या सह्या घेतल्या.

माझी बारावी झालेली. माझी प्रत घरी नेऊन मी नीट वाचली. ठेकेदार आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या पद्धतीने काम करील, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं.

आमच्या धानाच्या बांधीत रोवणी निघाली. आदल्या वर्षी मी सुट्टी मागितली होती, ती मिळाली नव्हती. यंदा विचारलंच नाही. दोन दिवस चिखलात धान रोवलं आणि तिसऱ्या दिवशी कामावर गेले.

"कुठी होतीस? विचारून जायचं असते का नाई?" भाऊ दारातच कडाडले.

मी कागद पुढे केला. "भाऊ, ठेकेदार का कोणाले सुट्टी मागते?"

त्यांनी उभ्याउभ्याच वाचला. "असं कसं? नऊले याच लागन. मशीन माही, माल माहा, काम मी सांगन तसंच!"

"मंग मी ठेकेदार काऊन? मी तं तुमची कामगार झाली."

तिघींचे हात थांबले. आमच्यातली सगळ्यात वयस्क बाई म्हणाली, "बरोबर बोलून राह्यली ते."

भाऊ आत गेले. चार दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. काम गेलंच, असं मी धरून चालले होते.

पाचव्या दिवशी ते चंद्रपूरच्या कामगार कार्यालयात तो कागद दाखवून आले आणि चौघींसाठी चहा मागवला.

"साहेबानं मलेच इचारलं," ते म्हणाले. "वेळ कोण ठरवते? मशीन कोणाची? काम कोण सांगते? सगळ्याले मी म्हटलं, मीच. तू बरोबर होतीस, बाई."

महिन्याभरात नियुक्तीपत्रं आली, हजेरी कार्डं आली. पत्रं मीच मोठ्याने वाचून दाखवली. 'कामगार' शब्द आला तेव्हा त्या वयस्क बाईने तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावली.

पहिल्या भरपगारी सुट्टीला मी ठेवणीतली साडी नेसले आणि मुद्दाम कारखान्यावरून बाजाराला गेले. भाऊंनी दारातून हात केला. मीही केला, पण थांबले नाही.