मुळांना पाणी

पक्षाघातानंतर यजमान दवाखान्यातून घरी आले, तेव्हा मुलीनं ऑर्किडची कुंडी पाठवली होती. जांभळी फुलं केव्हाच गळून गेली. उरली जाड पानं आणि कुंडीबाहेर लोंबणारी राखाडी मुळं. यांना भरवणं, अंग पुसणं, कूस बदलणं, त्यात या कुंडीची भर.

आज सकाळी ती नळाखाली धरली, तर मुळं बघता बघता हिरवी झाली. माणसाचं असं दिसत नाही. दिवसभर करत राहावं, पण पोचलं की नाही ते कळत नाही. मला एकाएकी रडू आलं. आतून यांनी हाक मारली, तरी पाय हलेनात.

शेवटी कुंडी घेऊनच खोलीत गेले. माझ्या चेहऱ्याकडे बघत हे अडखळत म्हणाले, "याला पाणी... मी घालीन."

"अहो, राहू द्या."

"डावा हात आहे ना."

मी पेला दिला. हात थरथरला आणि निम्मं पाणी चादरीवर सांडलं. आता चादर बदलावी लागणार होती. तरी मी पेला काढून घेतला नाही. खुर्ची ओढली आणि कितीतरी दिवसांनी दुसऱ्याला काम करताना नुसती बसून पाहत राहिले.