छावणीतल्या चर्चमधला अर्ज

नगरहून पहाटेच्या एस.टी.नं निघाले आणि नऊच्या सुमारास औरंगाबादला उतरले. रात्रपाळी संपवून चिकलठाण्याच्या कारखान्यांतले कामगार परतत होते. भिंतींवर विद्यापीठाच्या नामांतराच्या निळ्या घोषणा होत्या, चौकाचौकांत पोलीस.

"छावनीका चर्च? बैठो, बाई. लेकिन वापस जल्दी आना," रिक्षावाला म्हणाला.

या चर्चमधल्या एका जुन्या पाद्रींनी ओव्यांच्या चालीवर भजनं रचली होती. माझी आई ती दळताना म्हणायची. त्यांची वही इथं आहे असं कळल्यापासून मला यायचं होतं.

कडुनिंबांच्या सावलीत उभं असलेलं ते दगडी चर्च साधंच, पण डोळे निववणारं. तिथली देखभाल करणाऱ्या योहानकाकांनी कपाट उघडून वही माझ्या हातात दिली. एका ओळीत 'माउली' हा शब्द तीनदा खोडून चौथ्यांदा तोच ठेवला होता. मी कितीतरी वेळ त्यावर बोट ठेवून बसले.

बाहेर व्हरांड्यात एक बाई भाकरी थापत होती. काका हळूच म्हणाले, "कौसल्याबाई. नामांतराच्या रागातून गावात यांचं घर जाळलं. नवरा काम शोधायला गेलाय. आठ दिवस झाले, इथंच राहतात."

कौसल्याबाईंनी मला जेवायला बसवलं. भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याची आमटी). जेवण झाल्यावर म्हणाल्या, "ताई, तुमी मास्तरीण हाय म्हणं. कचेरीत द्यायला अर्ज लिव्हून देता?"

वही बाजूला सारून मी कागद घेतला. 'आमचे घर जाळण्यात आले,' असं लिहून वाचून दाखवलं.

"तसं नगं. आपोआप जळाल्यावानी वाटतंय. माणसांनी जाळलं. नावं सांगते, लिव्हा."

मी ओळ खोडली. त्यांनी तीन नावं सांगितली.

"अजून कोणी?"

"हाय एक." त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "शेजारचाच. त्याची माय बाळंतपणात गेली. माझ्या लेकाबरुबर त्याला म्याच दूध पाजलं. हातात पलिता त्याच्याच व्हता."

माझं पेन थांबलं. "विचार करा हवं तर. घाई नाही."

"लई केला इचार. आठ दिस त्योच चाललाय." पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "लिव्हा. त्याचं बी लिव्हा."

मी चौथं नाव लिहिलं. कौसल्याबाईंनी अंगठा उठवला. दुपारी आम्ही दोघी कचेरीत गेलो. तासभर उभं राहिल्यावर अर्ज घेतला गेला, नकलेवर शिक्का मिळाला. माझी परतीची गाडी तोवर चुकली होती.

दुसऱ्या गाडीपर्यंत त्या स्टँडवर माझ्याबरोबर थांबल्या. "वही बघायची राह्यली की तुमची," म्हणत हसल्या. "पुन्यांदा या. तवा निवांत बघा."

गाडी निघाली. त्यांच्या जागी मी असते, तर ते चौथं नाव सांगितलं असतं का? नगर आलं तरी मला स्वतःशी 'हो' म्हणता आलं नव्हतं.