रेल प्रेशरचा कोड आणि दिलवरची गोणी

मी पोचले तेव्हा दिलवर केबिनमधून आपलं सामान काढत होता. गोधडी, पाण्याचा कॅन, चपला. सगळं खताच्या रिकाम्या गोणीत कोंबत होता.

"काय व्हयनं रे?"

"आप्पानी काढी टाकं चाची." त्याने वर बघितलं नाही. "म्हनतस, मी डिझल चोरस."

दिलवर पावरा, धडगावकडचा. पोकलेन चालवतो. बायको आणि दोन पोरी तिथेच शेताच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहायच्या. खोली आप्पांची. नोकरी गेली म्हणजे खोलीही गेली. त्याची बायको दारात उभी होती, भांडी आवरून ठेवलेली होती.

"थांब जरा," मी म्हटलं. "माले बघू दे. मंग बांध गोणी."

हिरालाल आप्पांची केळी-पपईची शेती लोणखेड्याच्या पुढे. त्यांनी गुजरातमधून जुनं पोकलेन विकत आणलं होतं, खापर गावाच्या रस्त्याने, ट्रेलरवर लादून. शेततळं खोदायचं, मग मशीन भाड्याने लावायचं असा विचार. मी शहाद्यात गाड्यांचं वायरिंग करते. पहिले नवरा करायचा. तो गेल्यावर दुकान बंद करून खायचं काय, म्हणून मीच बसले. शाळा चौथीपर्यंत. त्याच्याजवळ बसून वायरींना टेप गुंडाळता गुंडाळता जे समजलं तेवढंच. आता गुडघे त्रास देतात. पण मशीन काही खाली वाकत नाही, मलाच चढावं लागतं.

मशीनचा त्रास असा. सकाळी चालू व्हायचं, खोदायला लागायचं, आणि भर कामात जोर सोडून द्यायचं. रेस दिली तरी आरपीएम वर जात नाही. डिस्प्लेवर कोड. फिल्टर बदलून झालं. कंपनीच्या माणसाने सेन्सरही नवीन टाकला. दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तोच कोड.

मी किल्ली फिरवली. एकशे सत्तावन्न, पुढे चार. पहिला आकडा सांगतो कोणाची तक्रार आहे, दुसरा सांगतो काय तक्रार आहे. एकशे सत्तावन्न म्हणजे रेल प्रेशर, डिझेल ज्या नळीत दाबून भरलेलं असतं तिचा सेन्सर. चार म्हणजे त्याचे व्होल्ट कमी येतात.

आप्पा खाली उभे होते, हात मागे बांधून.

"बघ चाची. कोडच सांगी ऱ्हायना. डिझलना प्रेशर कमी. आठे याना शिवाय कोन ऱ्हास?"

"टाकी भरेल शे ना आप्पा?"

"भरेल शे. मंग पानी टाकं व्हई त्यानी. डिझल काढं, पानी भरं."

मी फिल्टरच्या खालचा नळ उघडून बाटलीत डिझेल काढलं. पाणी असतं तर तळाला बसलं असतं. बाटली आप्पांच्या हातात दिली. त्यांनी उन्हात धरून बघितली. स्वच्छ होतं. तरी दिलवरला गोणी खाली ठेव असं ते म्हणाले नाहीत.

कोडमध्ये डिझेलचं नाव आलं म्हणून डिझेल चोर, एवढंच त्यांनी धरलं होतं. पण कॉम्प्युटर डिझेल बघत नाही. त्याला डोळे नाहीत. तो सेन्सरला पाच व्होल्ट पाठवतो, सेन्सर त्यातले काही परत पाठवतो. किती परत आले त्यावरून तो प्रेशर धरतो. आकडा पटला नाही की कोड टाकतो आणि इंजिनचा जोर काढून घेतो, मोठं नुकसान होऊ नये म्हणून.

म्हणून मी सेन्सरचं कनेक्टर काढलं आणि मीटर लावलं. पाच यायला पाहिजे होते. साडेतीन आले. वायर हलवली तर सव्वाचार. पुन्हा साडेतीन. म्हणजे सेन्सर नवा असो की जुना, त्याला पोटभर मिळतच नव्हतं. व्होल्ट वाटेत कुठेतरी गळत होते.

वाट धरून शोधायचं, दुसरा उपाय नाही. कव्हर उघडं, वर ऊन, पत्रा तव्यासारखा. वायरिंगचा जुडगा हाताने चाचपत मी मागे मागे सरकत गेले. कुठे घासलेलं नाही, कुठे कापलेलं नाही. एका जागी पाठ टेकून बसले. वाटलं, खाली उतरावं, सांगावं दुसरा कोणी बघा. तेवढ्यात बोटाला मुंगी चावली.

इंजिनात मुंग्या कशाला येतील? तिथे तेल, ग्रीस, डिझेल. मी चष्मा पुसून बघितलं. लाल मुंग्यांची रांग जुडग्यावरून चालली होती, थेट मधल्या मोठ्या कनेक्टरमध्ये. लॉक दाबून काढायला गेले तर ते चिकटून बसलेलं. खोललं तर आत पिना हिरव्या पडलेल्या आणि भोवती चिकट तपकिरी थर, गोड पाणी वाळल्यासारखा. वरच्या पत्र्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. वाळलेली.

मी दिलवरकडे बघितलं. त्याने मान फिरवली. त्याला माहीत होतं. पण तो कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि मी, मुसलमान बाई, तरी कोणत्या तोंडाने? माझ्या तोंडून पूजेच्या नारळाचं नाव निघालं तर गोष्ट मशीनची राहिली नसती. एवढं या गावांमध्ये राहून समजतं. मी म्हटलं, "आप्पा, जरा वर या."

ते चढले.

"आठे बोट लावा."

त्यांनी लावलं. बोट चिकटलं. नाकाशी नेलं.

"डिझल नई शे हाई," ते म्हणाले.

"नई. मुंग्यास्ले डिझल चालत नई आप्पा."

ते पत्र्यावरच्या बोटांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माय म्हने, जुनी मशीन शे, कोनी कोनी नजर लागेल व्हई. नारय इंजिनवरच फोड. मशीननं कायीज तठेच ऱ्हास."

"मायनं काय चुकनं? तिले वायर दखायनी नई," मी म्हटलं.

पिना धुतल्या, खरवडल्या. दोन गेलेल्या होत्या, त्या बदलल्या. नवं सील बसवलं. सेन्सरवर पुन्हा मीटर लावलं, पाच आले आणि हलवलं तरी पाचच राहिले. कोड पुसला. मग मी खाली उतरून सावलीत बसले आणि आप्पांना म्हटलं, चालवून बघा.

आप्पांनी दिलवरकडे बघितलं. "चढ," एवढंच म्हणाले.

ऊन उतरेपर्यंत तो खोदत राहिला. मशीनने जोर सोडला नाही.

निघताना आप्पा रिक्षापर्यंत आले. "चाची, गावमा कोनी इचारं तर सांगजो, उंदीरनी वायर खादी."

"सांगसू. उंदीर सांगा, घूस सांगा. दिलवरनं नाव नको."

"नई घेत."

त्यांनी त्याची माफी मागितली नाही. मी तशी आशाही केली नव्हती. पण रिक्षातून वळून बघितलं तर त्याची बायको भांडी परत आत नेत होती.

कोड एवढंच सांगतो की कुठे दुखतंय. कोणी केलं ते बघायला तो बाहेर आलेला नसतो. पुढे आप्पांनी आणखी एक जुनं मशीन आणलं. दिलवर सांगत होता, या वेळेस नारळ बकेटच्या दातावर फोडला. बकेटला वायर नसते.